नाला बंद झाला, विहीर अजून पिवळीच

प्रश्न : आमचं शेत प्रवरेकाठच्या गाळपेराच्या जमिनीत आहे. शेजारच्या नाल्यातून पूर्वी मळीचं पाणी वाहायचं, ते बंद होऊन तीन वर्षं झाली. विहीर नाल्यापासून १२० मीटरवर. पाणी काढताना निवळशंख दिसतं, पण हंड्यात तासभर ठेवलं की पिवळं पडतं. आता घाण येते कुठून? उकळून प्यायलं तर चालेल का?

उत्तर : तीन वर्षांपूर्वी नाल्याकाठी मुरलेलं पाणी तुमच्या विहिरीपर्यंत अजून पोचलंही नसेल. नदीकाठच्या वाळूत भूजलाचा उतार हजार मीटरला एक मीटर धरला, तर पाणी दिवसाला चारेक सेंटिमीटर सरकतं. म्हणजे १२० मीटरला आठ वर्षं. मोटर चालली की वेग वाढतो हे खरं, पण ती काही रात्रंदिवस चालत नाही (वीजच नसते!).

आणि विहीर खोदताना वाळूत मध्येच हातभर चिकण लागली होती का, आठवून बघा. नोकरीत असताना मी काचेच्या पेटीत वाळू भरून मधोमध चिकणमातीची वडी ठेवली आणि एका बाजूने लाल शाईचं पाणी आठवडाभर सोडलं. मग साधं पाणी सुरू केलं. वाळू दुपारपर्यंत धुऊन निघाली. दुसऱ्या दिवशी आमचा शिपाई म्हणाला, "साहेब, वडी रंग ओकतेय." चिकणीतून पाणी जवळजवळ वाहत नाही, पण विरघळलेला पदार्थ मुंगीच्या पावलांनी आत शिरतो. बाहेरचं पाणी स्वच्छ झालं की त्याच चालीने परत निघतो.

पिवळेपणा मात्र बहुधा तुमच्याच जमिनीतल्या लोहाचा. मळी कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात, मग गाळातलं लोह विरघळतं. विरघळलेलं असताना रंग दिसत नाही. हंड्यात हवा लागली की गंज धरतो.

उकळण्याचं म्हणाल तर जंतू मरतील, पण पाण्यात नायट्रेट (खतासारखा विरघळलेला क्षार) असेल तर तो जात नाही. उलट वाफ उडून त्याचं प्रमाण थोडं वाढतंच. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम; तपासणीचा कागद हाती येईपर्यंत पिण्याचं पाणी दुसरीकडून आणा. नमुना मोटर अर्धा तास चालवून मगच घ्या, एकदा मे महिन्यात, एकदा दिवाळीनंतर. क्लोराइडही तपासायला सांगा. ते मातीला फारसं चिकटत नाही, पाण्याच्या बरोबरीनं चालतं. दोन उन्हाळे त्याचा आकडा उतरता दिसला, तर मळीचं पाणी ओसरू लागलं असं समजा आणि मला जरूर कळवा.