हातगाडीवरच्या कमोडबद्दल

प्रिय मुली,

सोमवारी तू येऊन गेलीस, चहा गार केलास आणि तोच व्हिडिओ मला तीनदा दाखवलास. मानखुर्दच्या वस्तीतल्या संडासांच्या प्रश्नासाठी पैठणी नेसून, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट घालून, हातगाडीवरच्या कमोडवर बसलेली तू, आणि मागे वॉर्ड ऑफिसचं फाटक. चार लाख लोकांनी बघितलं म्हणालीस. आणि रविवारच्या सभेला अकरा माणसं, त्यातली चार तुझ्याच कॉलेजची. वर मलाच विचारलंस, "काका, पुढचं याहून मोठं करू का?" मी काही बोललो नाही, कारण तेवढ्यात काकूने पोहे आणले आणि मी बोललो असतो तर रागावूनच बोललो असतो. आता लिहितोय, तरी राग पूर्ण गेलाय असं समजू नकोस.

तू चांगली आहेस, जिद्दी आहेस वगैरे लिहीत बसत नाही. ते तुला माहीत आहे. नसतं तर कमोडवर बसली नसतीस.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे मी म्हातारा झालोय म्हणून असं बोलतोय, असं तुला वाटायला नको. स्टंटला नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. 'शांतपणे निवेदन द्या' म्हणणाऱ्यांनी एकदा निवेदन देऊन बघावं. शिक्का मारलेली पोच मिळते, तीच काय ती कमाई. मोर्चा म्हणावा तर तो आता आझाद मैदानाच्या कुंपणाआड, बाहेर लोकल पकडायला धावणारा माणूस मान वळवत नाही. या शहरात बघायला लावावं लागतं, हे मान्य. माझा प्रश्न एकच आहे आणि तो मी तुला कंटाळा येईपर्यंत विचारणार आहे. वस्तू कुणाच्या हातात होती?

1972 साली मी बारा वर्षांचा होतो. तेल, साखर, रॉकेल, रेशनचा गहू, सगळ्याचीच मारामार. समाजवादी मृणाल गोरे, कम्युनिस्ट अहिल्याताई रांगणेकर आणि बाकीच्या बायकांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली आणि लाटणे मोर्चे निघाले. आमची आई त्याआधी कधी कुठल्या सभेला गेली नव्हती. परळच्या खोलीतून ती लाटणं पदरात गुंडाळून निघाली, जिना उतरेपर्यंत लाजत होती. रात्री परत आली, पाय धुतले आणि त्याच लाटण्याने पोळ्या लाटायला बसली. मला वाटलं होतं, लाटण्याला काहीतरी झालं असेल. काही झालं नव्हतं, पिठाचा हात तेवढा लागला होता. पुढे थाळ्या वाजवायचं ठरलं तेव्हा जी बाई मोर्चाला जाऊ शकत नव्हती तिनेही घरातूनच थाळी बडवली. फोटोत कोण दिसलं, कोण नाही, याला काय अर्थ होता? लाटणं सगळ्यांच्या हातात होतं.

त्याच्याही आधी, 1930मध्ये, गिरगाव चौपाटीवर बायकांनी मीठ बनवलं. मीठ! जे कुणाला विकत आणून द्यावं लागत नाही, समजावून सांगावं लागत नाही. आणि 2018च्या मार्चमधले शेतकरी आठवतात का? तू तेव्हा शाळेत असशील. नाशिकहून सहा दिवस चालत आले. सोमय्या मैदानावर मुक्काम ठरला होता, पण सकाळी दहावीची परीक्षा होती. पोरांना ट्रॅफिकचा त्रास नको म्हणून थकलेली माणसं मध्यरात्री उठून पुन्हा चालायला लागली. मी सायनला रस्त्याच्या कडेला उभा होतो. एका बाईने चपलेचा तळ सुटला म्हणून पायाला प्लास्टिकची पिशवी बांधली होती, आणि ती चालली की चर्र चर्र आवाज येत होता. घोषणा नाहीत, नुसता पायांचा आवाज. दुसऱ्या दिवशी मुंबईतल्या लोकांनी बिस्किटं दिली, पाणी दिलं, चपला दिल्या. जाहिरात म्हणशील तर याच्याहून मोठी मी बघितली नाही, आणि त्यात वापरलेली वस्तू त्यांचे स्वतःचे पाय होते.

आता तुझा कमोड. मला सांग, तुझ्या मानखुर्दच्या वस्तीत कमोड कुणाच्या घरी आहे? तो तू भंगारवाल्याकडून भाड्याने आणलास. पैठणी तुझ्या मावशीची. तिथल्या बायका पहाटे टमरेल पदराखाली झाकून रांगेत उभ्या राहतात, एकमेकींकडे न बघता. त्यांनी कधी कुणाला न दाखवलेली गोष्ट तू मुकुट घालून चार लाख लोकांना दाखवलीस. तू हसवलंस. त्या हसल्या नाहीत, सभेला आल्या नाहीत, एवढंच झालं. यात गोंधळ होण्यासारखं काय आहे?

थांब. फार लागेल असं लिहितोय. मला हे बोलायचा हक्क का आहे तेही सांगतो.

1997च्या महापालिका निवडणुकीला मी अपक्ष उभा होतो, हे तुला माहीत आहे. तिरडीचं माहीत नसेल. आमच्या चाळीत पहाटे चारला करंगळीएवढी धार यायची, तीही अर्धा तास. मी नळाची तिरडी काढली. बांबू, पांढरं कापड, मध्ये हार घातलेला पितळी नळ, आणि पुढे मडकं धरून मी. जिन्यावरून खाली आणली ती रीतसर खांद्यावरून. पोरं खोटं खोटं रडत होती. दुसऱ्या दिवशी पेपरात तीन कॉलमी फोटो! कात्रण अजून बॅगेत आहे, काकू फेकू देत नाही असं मी सांगतो, खरं म्हणजे मीच फेकत नाही.

दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहायच्या, सगळी चाळ त्यांना आत्या म्हणायची. तिरडीच्या दोन महिने आधी त्यांचा गेलेला मुलगा त्याच जिन्यावरून खाली नेला होता. मला आठवण नव्हती असं नाही. आठवण होती, पण फोटोवाला आला होता. तिरडी त्यांच्या दारावरून गेली तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं, आपटलं नाही, हळूच लावलं. दुसरा मजला मला मत देणार नाही हे मला त्या आवाजावरून कळलं. 143 मतांनी पडलो. मतांचं दुःख नाही असं मी सगळ्यांना सांगत आलोय, ते खोटं आहे.

तरीही सांगतो, पाइप त्या फोटोमुळेच आला. आठव्या दिवशी माणसं येऊन खणायला लागली. निवेदनं सहा वर्षं चालली होती, त्यांनी काय केलं? आत्यांच्या घरीही पाणी आलं, चांगलं जोरात आलं. मग मी चुकलो कसा? हा हिशोब मी अठ्ठावीस वर्षं करतोय. दर वेळी पाइप माझ्या बाजूला येतो आणि दार त्यांच्या. मडकं माझ्या हातात होतं ना, म्हणून.

मृणालताईंना 'पाणीवाली बाई' हे नाव कुणी कार्यकर्त्याने फ्लेक्सवर छापून दिलं नव्हतं. गोरेगावात त्या नळासाठी वर्षानुवर्षं भांडल्या, 1961मध्ये नगरसेविका झाल्या, तिथल्या लोकांच्या तोंडात ते नाव बसलं. म्हणूनच 1977मध्ये त्या लोकसभेत गेल्या आणि इंदिरा गांधी पडल्या, तेव्हा 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा चालली. आता वाढदिवसाच्या बॅनरवर स्वतःच 'भावी नगरसेवक' लिहून घेतात. ते असो, त्यांच्याबद्दल लिहायला लागलो तर कागद पुरणार नाही.

तुझ्या कामाचं मोल मला कळतं. मुंबईत पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, यावर 2011मध्ये 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली तेव्हा लोक आधी नावालाच हसले होते. पण त्या मोहिमेतल्या बायका स्वतःचंच दुखणं सांगत होत्या, कुणाचं उसनं घेऊन नाही.

सोमवारी तू बोलता बोलता एक सांगून गेलीस आणि पुन्हा फोनकडे वळलीस. त्या कोपऱ्यावरच्या आजी संडासाचे सुटे पैसे काड्यापेटीत वेगळे ठेवतात म्हणून. माणशी दोन रुपये, घरात पाच माणसं, दिवसातून दोनदा. वीस रुपये रोज, महिन्याला सहाशे. मी रात्री पडल्या पडल्या तोच आकडा घोळवत होतो. अशा काड्यापेट्या घरोघर असतील. सगळ्या बायका एकाच दिवशी काड्यापेट्या घेऊन वॉर्ड ऑफिसला गेल्या आणि टेबलावर नाण्यांचा ढीग...

बघ. परत मीच ठरवायला लागलो. फोटोसुद्धा दिसायला लागला होता मला.

हे त्यांना सुचवू नकोस. आजींच्या दारात जाऊन बस, व्हिडिओबद्दल त्यांना काय वाटलं ते विचार आणि शिव्या घातल्या तर खा. काड्यापेटीचा विषय त्यांनी काढला तर काढला. निवडणुकीला वेळ कमी आहे हे मला कळतं, तरी जा. आणि हातगाडी परत करून टाक, भाडं उगाच चढतंय.

रविवारी दुपारी मी मानखुर्द स्टेशनला येतो. वस्तीत मी मागे उभा राहीन, काही बोलणार नाही. काकू म्हणते की हे मला जमणार नाही.

तुझा,
काका