बायबलमध्ये नसलेल्या गोष्टी कॅथलिक कशाच्या आधारावर करतात?

तुमच्या ऑफिसमधली प्रोटेस्टंट मैत्रीण म्हणते की मोतमाउलीची (बांद्र्याच्या माउंट मेरीची) जत्रा, मृतांसाठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) यातलं काहीच बायबलमध्ये नाही. मग कॅथलिकांत शेवटचा शब्द कोणाचा, बायबलचा की चर्चचा, असं तुम्ही विचारलंय.

मी बांद्र्याचा कॅथलिक, त्यामुळे उत्तर जरा एका बाजूला झुकणारच. जत्रेबद्दल तिचं म्हणणं खरं आहे. ८ सप्टेंबरला आम्ही मरियामातेचा जन्मदिवस साजरा करतो, पण त्या जन्माची एक ओळही बायबलमध्ये नाही. तिच्या आईवडिलांची आन्ना आणि योआकिम ही नावं दुसऱ्या शतकातल्या एका ग्रंथातली, आणि तो ग्रंथ कॅथलिक चर्चनेही बायबलमध्ये घेतलेला नाही!

मिस्साचं तसं नाही. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, १२व्या अध्यायात, ज्यू सेनानी यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या सैनिकांच्या पापक्षमेसाठी वर्गणी गोळा करून यरुशलेमला पाठवतो. फक्त हे पुस्तक तुमच्या मैत्रिणीच्या बायबलमध्ये सापडणार नाही. तिच्याकडे ६६ पुस्तकं, आमच्याकडे ७३. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने १५३४ च्या जर्मन बायबलमध्ये अशी पुस्तकं जुन्या करारातून (बायबलच्या येशूपूर्वीच्या भागातून) काढून वेगळ्या विभागात ठेवली, तर कॅथलिक बिशपांच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये ती बायबलचाच भाग असल्याचं ठासून सांगितलं. (ल्यूथर काही पहिला नव्हे, बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमलाही त्यांच्याबद्दल शंका होत्याच.)

म्हणजे भांडण शेवटी यादीवर येतं, आणि यादी बायबलच्या आत कुठेच दिलेली नाही. नव्या कराराची आजची २७ पुस्तकं नेमकी तेवढीच मोजलेली आपल्याला पहिल्यांदा दिसतात ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात. तोवर शेकडो वर्षं ख्रिस्ती मंडळ्या उपासनेत काय वाचत आल्या, प्रेषितांपासून (येशूच्या पहिल्या शिष्यांपासून) काय चालत आलं, यावरूनच निवड होत गेली. तुमच्या मैत्रिणीच्या हातातला नवा करारही याच परंपरेने तिच्यापर्यंत पोचला. कॅथलिक बाजूचा हा मला सर्वांत भक्कम मुद्दा वाटतो.

प्रोटेस्टंट याला म्हणतील, चर्चने पुस्तकं ओळखली, त्यांना अधिकार दिला नाही. तेही पटण्यासारखं आहे. शिवाय शहाणे प्रोटेस्टंट परंपरा फेकून देत नाहीत, निकेयाचा मतांगीकार (चौथ्या शतकातली श्रद्धेची कबुली) तेही म्हणतात. त्यांचं म्हणणं इतकंच की परंपरा चुकली तर तिला तपासणारं काहीतरी हवं, आणि ते फक्त शास्त्र. मार्कच्या ७व्या अध्यायात येशूच परूश्यांना (कर्मठ ज्यू पंथाच्या लोकांना) सुनावतो की तुम्ही परंपरेपायी देवाचं वचन रद्द करता. आमचे लोक लगेच थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र काढतात. तिथे पौल सांगतो, तोंडी असो वा पत्राने, शिकवलेल्या परंपरा धरून राहा.

पण शास्त्र एकटं निकाल देतं का? तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याचंच (पाण्याने चर्चमध्ये घेण्याच्या विधीचं) उदाहरण बघा. प्रोटेस्टंटांतले मेथडिस्ट तो करतात, बाप्टिस्ट करत नाहीत, आणि बायबल दोघांचं एकच. १९७० मध्ये नागपुरात सहा प्रोटेस्टंट चर्च मिळून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं, त्यात बाप्टिस्टही होते. तोडगा काय निघाला? दोन्ही पद्धती चालतील. ओळी बायबलच्या होत्या, पण ठरवलं चर्चनेच बसून.

कॅथलिकांची अधिकृत भूमिका दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये मांडली: शास्त्र आणि परंपरा एकाच झऱ्यातून येतात, आणि अर्थ सांगण्याचा अधिकार पोप-बिशपांना असला तरी ते वचनाच्या वर नाहीत, त्याचे सेवक आहेत. कागदावर सुरेख आहे. पण सेवक चुकतोय हे कोणी सांगायचं, याचं प्रोटेस्टंटांना पटेल असं उत्तर त्यात मला सापडत नाही.

मैत्रिणीला आम्हाला खरंच कोंडीत पकडायचं असेल तर जत्रा सोडून १९५० बद्दल विचारायला सांगा. त्या वर्षी पोप बाराव्या पायसने मरियेचं सदेह स्वर्गारोहण ही श्रद्धा प्रत्येक कॅथलिकावर बंधनकारक केली. १५ ऑगस्टला झेंडावंदनाबरोबर आमची मिस्सा असते ती त्याच सणाची. सण खूप जुना आहे, मी तो मनापासून पाळतो. पण बायबलमधली थेट ओळ मागितलीत, तर माझ्याकडे नाही.