नंबर थिअरीत पीएच.डी. करावी की पाणी-शेतीसारखा ‘उपयोगाचा’ विषय घ्यावा?

तुम्ही लिहिलंय, गणितात एम.एस्सी. झालीय, नंबर थिअरीत, म्हणजे पूर्णांकांच्या आणि मूळ संख्यांच्या गणितात, संशोधन करायचंय, पण घरचे म्हणतात की पाण्याची गुणवत्ता नाहीतर स्मार्ट शेती असं लोकांच्या कामाचं काहीतरी घे, आकड्यांशी खेळून कुणाचं पोट भरतं? मीही बडोद्याचीच. हेच वाक्य मला २००३ मध्ये दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, भरल्या पानावर, थोरल्या भावाने ऐकवलं होतं. मी त्याचं ऐकलं. म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २००२ मध्ये, आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे बहुपदी वेळेत (म्हणजे संख्येतले अंक वाढले तरी वेळ आवाक्यात राहील असं) आणि पक्कं ठरवणारी रीत काढली. मूळचा निबंध नऊ पानांचा. मला संशोधनाला लागून वर्षही झालं नव्हतं. ती पानं छापून घेतली आणि पाठ होईपर्यंत वाचली. दादाला कौतुकाने दाखवली, तर तो म्हणाला, “बघ, जे शोधायचं ते त्या पोरांनी शोधलं. आता तुझ्यासाठी काय उरलं?” पेशाने इंजिनिअर, स्वभावाने प्रेमळ माणूस, पण विषय म्हणजे विहीर आणि एकाने उपसली की संपली, असं त्याला वाटायचं. पुढे २०१३ मध्ये यितांग झांग यांनी सिद्ध केलं की ज्यांच्यातलं अंतर ७ कोटींपेक्षा कमी आहे अशा मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत, आणि वर्षभरात इतरांनी मिळून ते अंतर २४६ वर आणलं. झांग तेव्हा पंचावन्नच्या पुढे होते. ही बातमी मी वाचली तेव्हा माझ्या हातात पाण्याचा आम्लपणा (पीएच) मोजायचा प्रोब होता आणि समोर तो तपासायच्या बफर द्रावणाच्या बाटल्या.

कारण मी विषय बदलला होता. वीस वर्षं मी पाण्याची गुणवत्ता मोजणारी यंत्रं कॅलिब्रेट करतेय, म्हणजे त्यांचे आकडे तपासून बरोबर लावतेय. या कामाला मी कमी लेखत नाही आणि तुम्हीही लेखू नका. पाण्यातल्या क्षारांचा अंदाज त्याच्या विद्युतवाहकतेवरून घेतात, आणि ती तापमानाच्या एका अंशाला साधारण २ टक्के वाढते. ज्या यंत्रात तापमानाची दुरुस्ती नाही ते दुपारी पाणी खारट दाखवतं आणि पहाटे गोड. टीडीएसचा (विरघळलेल्या एकूण क्षारांचा) आकडा क्षार किती ते सांगतो, कुठले ते नाही. नायट्रेट, फ्लोराइड त्यात ओळखू येत नाही. हे कळायलाही डोकं लागतं.

आता दादाच्या शेताची गोष्ट. बडोद्याजवळच्या पादरा गावाच्या पलीकडे त्याची केळी आहे. खंभातच्या आखाताकडे जावं तसं तिकडचं जमिनीतलं पाणी खारं होत जातं. तीन वर्षांपूर्वी त्याने शेतात सात डबे बसवून घेतले. सहा मातीतली ओल मोजणारे आणि सातवा बोअरच्या पाण्याची वाहकता मोजणारा. सगळे लोरा या लांब पल्ल्याच्या, कमी विजेच्या रेडिओवर घरातल्या गेटवेला, म्हणजे आकडे गोळा करणाऱ्या डब्याला, आकडे पाठवायचे. ओलीचे आकडे बऱ्यापैकी यायचे. बोअरचा डबा मात्र दिवसदिवस गप्प. इकडे केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. शेतावरचा माणूस म्हणत होता, “बेन, पाणी खारुं थयुं छे.” पण दाखवायला आकडा नव्हता. बसवणाऱ्याने उंच खांब आणि मोठा अँटेना सुचवला, आणि दादा पैसे काढून द्यायला तयार झाला.

मी एक रविवार तिथे बसले आणि आलेल्या आकड्यांच्या वेळा वहीत उतरवल्या. सातही डब्यांची घड्याळं नीट लावलेली होती आणि सगळे दर दहा मिनिटांनी, बरोबर ठोक्याला बोलत होते. एकाच वाहिनीवर सातजण एकदम बोलले की जवळचा ऐकू येतो आणि लांबचा बुडतो. बोअर सगळ्यात लांब. अँटेना कितीही उंच केला असता तरी ठोका तोच राहिला असता.

मी प्रत्येक डब्याला दोन निरोपांमधलं वेगळं अंतर दिलं, सेकंदांत आणि मूळ संख्येचं: ५८७, ५९३, ५९९, ६०१, ६०७, ६१३, ६१७. बोअरला ६०१. त्याच्या सगळ्यात जवळचं अंतर ५९९. हे दोघे एकदा एका सेकंदाला बोलले की पुन्हा त्याच सेकंदाला कधी गाठ पडेल? दोन्ही मूळ, म्हणून लसावि म्हणजे त्यांचा गुणाकारच: ५९९ गुणिले ६०१, म्हणजे ३,५९,९९९ सेकंदांनी. १०० तासांना एक सेकंद कमी! हे मी वहीत गुणलं तेव्हा मला भरून आलं. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये जो कुट्टक (पूर्णांकांतली समीकरणं सोडवण्याची रीत) मांडला, तो ज्योतिषगणितात अशाच आवर्तनांच्या प्रश्नांना वापरायचे. ग्रहांच्या जागी मी केळीतले डबे ठेवले होते, एवढंच.

दोन दिवसांत बोअरचा आलेख उमटला. मोटार सुरू झाल्यावर तास-दीड तास पाणी ठीक, मग क्षार चढत जातात, मोटार थांबली की हळूहळू उतरतात. जास्त वेळ उपसलं की खालचं जड खारं पाणी वर ओढलं जातं. दादाने मोटार थोडा थोडा वेळ, मध्ये विसावा देत चालवायला सुरुवात केली. नवी पानं स्वच्छ आली. सात आकड्यांचा कागद त्याने मोटारीच्या खोलीत चिकटवलाय. मात्र पाहुण्यांना सांगताना तो अजून “सेन्सरची सेटिंग चुकली होती” असंच सांगतो.

जाणकार म्हणतील, हे नंबर थिअरीचं संशोधन नव्हे, शाळेतला लसावि आहे, आणि प्रत्येक डब्याने पाठवण्याआधी मनमानी काही सेकंद थांबायचं ठरवलं असतं तरी भागलं असतं. खरं आहे. शिवाय एकेक निरोप सेकंदाहून लांब असेल तर ५९९ आणि ६०१ साधारण ५० तासांनीही एकमेकांना घासतात. पण लहानपणापासून मूळ संख्यांवर जीव असल्यामुळेच मी त्या वेळा उतरवायला बसले, हे मी सोडणार नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नंबर थिअरी घ्या. उपयोग दाखवून घरच्यांना पटवायला जाऊ नका. उपयोग दाखवला की ते विचारतात, मग सरळ तेच का करत नाहीस? विषय जिवंत आहे. २०२४ मध्येच लॅरी गुथ आणि जेम्स मेनार्ड यांनी मूळ संख्यांच्या पसरणीशी जोडलेल्या झीटा फलनाच्या शून्यांबद्दलचा ऐंशीहून जास्त वर्षांचा अडसर हलवला. एक मात्र, नेट-जेआरएफ किंवा दुसरी फेलोशिप हातात नसेल आणि घर तुमच्यावर चालत असेल, तर मी एवढ्या ठामपणे बोलणार नाही. आधी पैशाची सोय बघा. आणि गाईड असा शोधा जो आठवड्यातून एकदा तरी तुमच्यासोबत फळ्यासमोर उभा राहील. मला तसा मिळाला नव्हता, हेही सोडण्याचं एक कारण होतं. सगळा दोष दादाचा नाही.

दादा, हे उत्तर मी तुलाही पाठवतेय. ती नऊ पानं अजून माझ्याकडे आहेत. रविवारी शेतावर येताना आणते. माझ्या शेजारी बसून पहिलं पान तरी वाच.