दुसऱ्या वर्षाला जिना शिकवताना: आधी सेक्शन, मग प्लॅन

आर्किटेक्चरच्या मुलांना जिन्याचा प्लॅन (आडवा छेद, वरून पाहिलेला) जमतो, पण सेक्शनमध्ये (उभ्या छेदात) ती गडबडतात, असं तुम्ही म्हणता. खरं तर प्लॅनही चुकलेलाच असतो, फक्त तिथे चूक दिसत नाही. म्हणून क्रम उलटा करा: आधी सेक्शन काढून घ्या आणि प्लॅन त्यातूनच उतरवायला लावा.

मजल्याची उंची ३००० मिमी आणि दोन सारख्या फ्लाइट, म्हणजे पायऱ्यांच्या सलग रांगा, एवढंच सांगा. १८ राइझर (पायरीची उभी बाजू) घेतले तर प्रत्येकी १६६.७ मिमी. ट्रेड (पाय ठेवायची आडवी बाजू) २७०. दोन राइझर अधिक एक ट्रेड साधारण ६०० ते ६४० मध्ये बसावं. इथे ६०३ येतं. फ्लाइटला राइझर ९, पण ट्रेड ८, कारण नववी पायरी म्हणजे लँडिंगच, दोन फ्लाइटमधला सपाट टप्पा. हे नजरेतून सुटलं की फ्लाइट २१६० ऐवजी २४३० होते.

१:२० स्केलला राइझर ८.३ मिमी येतो. मुलं आठ-आठ मिमी मोजत वर जातात आणि शेवटी ६ मिमी, म्हणजे प्रत्यक्षात १२० मिमी, कमी पडतात. पट्टी तिरकी धरायला शिकवा: खालच्या मजल्याच्या रेषेवर ०, वरच्या रेषेवर १८०, दर १० मिमीला खूण.

प्लॅन जमिनीपासून १२०० मिमीवर कापला तर सातव्या राइझरनंतर ब्रेक लाइन (फ्लाइट तिथे कापल्याची खूण) यायला हवी. तळमजल्यावर दोन्ही फ्लाइट पूर्ण दिसल्या की समजा, प्लॅन कुठून तरी उचललाय.

सगळ्यात जास्त वेळ हेडरूमला, म्हणजे डोक्यावरच्या मोकळ्या उंचीला द्या. मधल्या लँडिंगखाली दार काढायचा मोह जवळपास सगळ्यांना होतो. लँडिंग १५०० वर, स्लॅब १५०, उरले १३५०. हे तोंडी सांगू नका. १७०० मिमीचा माणूस, म्हणजे ८५ मिमीचा पुठ्ठा, कापून सेक्शनवरून चालवायला लावा. मग लँडिंग वर न्यायला कोणीतरी पहिली फ्लाइट १४ राइझरची करतं. खाली २१८३ मिळतात, पण स्लॅबसकट ३०० चा बीम आला की २०३३ च, आणि फ्लाइट ३५१० लांब. प्लॅनमध्ये ती मावते का, ते त्यांनाच तपासू द्या.

फिनिश, म्हणजे काँक्रीटवरचा लादी वगैरेचा थर, शेवटी घ्या, पण टाळू नका. जमिनीचं फिनिश ५० आणि पायरीचं २० असताना काँक्रीटचे राइझर सारखे ठेवले, तर सगळ्यात खालचा राइझर १३७ आणि सगळ्यात वरचा १९७ होतो. माणसं तिथेच अडखळतात. शीटवर काँक्रीट आणि फिनिश अशा दोन्ही लेव्हल लिहिलेल्या नसतील तर ती न तपासता परत द्या.