पोर्ट फॉरवर्ड केलंय तरी घरचा वेब सर्व्हर बाहेरून का उघडत नाही?

तुम्ही म्हणताय की घरात १९२.१६८.१.२० टाकलं की साइट लगेच उघडते, राउटरमधे पोर्ट ८० फॉरवर्ड केलंय (म्हणजे बाहेरून त्या पोर्टवर आलेली रिक्वेस्ट सर्व्हरकडे वळवलीय), पण पब्लिक आयपी टाकला की राउटरचंच लॉगिन पान येतं. आधी एक सांगा, हे तुम्ही घरच्याच वायफायवर बसून बघताय ना? मग कदाचित काहीच बिघडलेलं नाहीये. बऱ्याच राउटरना आतून निघालेली रिक्वेस्ट आपल्याच पब्लिक आयपीवरून वळवून परत आत आणता येत नाही, त्याला हेअरपिन नॅट म्हणतात, ते नसलं की राउटर स्वतःचंच पान दाखवून मोकळा होतो. मोबाईलचं वायफाय बंद करा, डेटा चालू करा आणि मग उघडून बघा. आणि तिथेही लॉगिन पानच आलं तर रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरून राउटरची सेटिंग उघडायची सोय, चालू आहे, ते आत्ताच्या आत्ता बंद करा, बाकी सगळं नंतर.

डेटावरून नुसतं फिरत राहिलं आणि टाइमआउट झालं, तर राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला आयपी) बघा आणि आयपी दाखवणाऱ्या एखाद्या साइटवर दिसतो त्याच्याशी जुळवा. माझे दोन आख्खे दिवस इथेच गेले. रूल काढ, परत टाक, राउटर रीस्टार्ट कर, सगळं झालं, आणि शेवटी वॅन आयपी बघितला तर १०० पॉइंट ७२ ने सुरू होणारा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे आयपी कंपन्या सीजीनॅटसाठी वापरतात, म्हणजे एकच पब्लिक आयपी कितीतरी घरांत वाटलेला असतो, आणि तिथे तुमच्या राउटरमधे काहीही केलं तरी बाहेरची रिक्वेस्ट तुमच्यापर्यंत येतच नाही. कस्टमर केअरला फोन करून सरळ "मला पब्लिक आयपी हवाय" म्हणा, नाही दिला तर टनेल लावायचा, म्हणजे बाहेरच्या एखाद्या सर्व्हरमार्गे आत यायची वाट करायची. वॅन आयपी १० किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर मात्र आधी बघा की पुढचा मोडेमच राउटरचं काम करत नाहीये ना, तसं असेल तर तो ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसती लाइन पुढे देईल.

आयपी जुळला तर उत्तम. मग सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) पोर्ट ८० वर लावून ठेवा आणि मोबाईल डेटावरून पान उघडा. स्क्रीनवर ओळी सरकायला लागल्या म्हणजे पॅकेट दारापर्यंत आलंय, आता सर्व्हरची फायरवॉल बघा, ती फक्त घरातल्या आयपींनाच आत घेत असेल, आणि सर्व्हरचा डिफॉल्ट गेटवेही (बाहेर जायचा रस्ता, इथे राउटरचा आयपी) बघा, तो चुकला की रिक्वेस्ट येते पण उत्तर परत जात नाही. स्क्रीन ढिम्म राहिली तर अडचण सर्व्हरच्या आधीच कुठेतरी आहे: रूलमधला आयपी जुना असेल (डीएचसीपी रिझर्वेशन करून टाका, म्हणजे तो बदलणार नाही), नाहीतर कंपनीने ८० बंद ठेवलं असेल, मग बाहेरचं ८०८० आतल्या ८० वर वळवून बघा.

वैतागून डीएमझेड (बाहेरून येणारं सगळंच एका मशीनकडे वळवणारी राउटरची सोय) तेवढं चालू करू नका, सर्व्हरचे सगळेच पोर्ट उघडे पडतात.

वॅन आयपीचे फक्त पहिले दोन आकडे इथे टाका, पूर्ण नको, आणि डेटावरून नक्की काय दिसलं तेही लिहा, मग पुढचं सांगतो.