वाचकांचे प्रश्न : शरदात नदीकाठी पायी

प्रश्न : आमचे गाव तिवसा तालुक्यात, वर्धा नदीजवळ आहे. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून येणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या भाच्यांना काठाकाठाने कौंडण्यपूरपर्यंत पायी न्यावे, असा विचार आहे. हे दिवस योग्य आहेत का? काय सांभाळावे?

उत्तर : दिवस उत्तम आहेत, काठाकाठाने जाण्याचा बेत मात्र बदलावा. नदीचा काठ ही सलग वाट नसून कोणाच्या तरी वावराची हद्द असते, आणि दिवाळीच्या सुमारास त्या वावरांत मोठी घाई चालू असते : सोयाबीन निघून हरभऱ्याची पेरणी, कपाशीची पहिली वेचणी. म्हणून पांदण रस्त्याने चालावे आणि जिथे पांदण घाटावर उतरते, तिथे नदीपाशी निवांत बसावे. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जावेच लागले, तर आधी विचारावे; हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी काही शेतकरी कुंपणाच्या तारेत बेकायदा वीजप्रवाह सोडतात आणि विदर्भात त्याने माणसेही दगावली आहेत. तार कोणत्या धुऱ्यावर आहे, हे शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायांना बहुधा ठाऊक असते.

परतीचा पाऊस साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सरतो. त्यानंतर काळी माती वाहून येणे थांबते, जमिनीत मुरलेले पाणी झिरपत पात्रात येऊ लागते आणि श्रावणात गढूळ असलेली नदी नितळ होते. या नितळपणाचाच धोका अधिक आहे, कारण तळ दिसू लागला की पाणी उथळ भासते. प्रत्यक्षात रेती उपसलेल्या जागी पुरुषभर खोल खड्डे असू शकतात. शिवाय वरच्या बाजूला मोर्शीजवळ ऊर्ध्व वर्धा धरण आहे. ते भरलेले असताना विसर्ग झाला, तर आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असूनही पाणी चढते. मुलांना घाटाच्या पायऱ्यांपलीकडे उतरू देऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे, मग त्यांनी कितीही हट्ट धरला तरी.

सूर्योदय सव्वासहाच्या सुमारास होतो. तेव्हाच निघावे, कारण दहानंतर ऊन चटके देते. आपला काठ पश्चिमेचा असल्याने सकाळी सूर्य समोर, पाण्यावर येतो आणि पक्षी नुसते काळे दिसतात. खंड्याचा निळा रंग मुलांना दाखवायचा असेल, तर दुपारी तीननंतर पुन्हा एखाद्या घाटावर जावे. शेपटी सतत वरखाली हलवणारा धोबी पक्षी उत्तरेकडून नुकताच आलेला असतो. काशाचे पांढरे तुरे मात्र दिवाळीपर्यंत झडू लागतात. ते भरात पाहायचे असतील, तर कोजागिरीच्या आसपासच यावे.

कपडे पूर्ण बाह्यांचे असावेत आणि गवतात बसू नये. नागपूर परिसरात २०१८ साली स्क्रब टायफसची मोठी साथ आली होती. हा आजार झुडपा-गवतातील सूक्ष्म किड्यांच्या चाव्यातून होतो. पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना या फेरफटक्याविषयी आवर्जून सांगावे, आणि अंगावर कुठे काळी खपली दिसते का, हेही पाहावे.

कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. तेथे कार्तिकात यात्रा भरते. मुले लहान असल्याने ते गर्दीचे दिवस टाळलेले बरे.

प्रश्न : माझी आई पात्रातल्या डांगरवाड्यांच्या आठवणी सांगते. त्या या दिवसांत दिसतील का?

उत्तर : नाही. पाणी ओसरून रेती उघडी पडल्यावर, हिवाळ्यात त्या लावल्या जातात आणि डांगर-टरबूज उन्हाळ्याच्या तोंडावर हाती येते. रेतीचा उपसा झालेल्या पात्रात त्यांना जागाच उरत नाही. त्या पाहायच्या असतील, तर मार्चमध्ये या आणि वाडी कोणत्या घाटाखाली आहे, ते गावातल्या भोई मंडळींना विचारा.