पावसाळ्यात भुईनिंबाचा काढा सगळ्या घराला द्यावा का?

ताई, तुमचं सासर वडसा भागातलं. पाचवा महिना सुरू आहे, आणि पावसाळा लागला की सासूबाई भुईनिंबाचा काढा तुमच्यासकट सगळ्यांना देतात, चार वर्षांच्या लेकरालाही. 'हा प्याला की मलेरिया होत नाही' असं त्या म्हणतात. प्यावा का, हा तुमचा प्रश्न.

तुम्ही पिऊ नका आणि लेकरालाही देऊ नका. आता कारण सांगतो, कारण नुसतं 'नको' म्हटलं तर सासूबाई ऐकायच्या नाहीत. माझी आईही ऐकत नव्हती.

मी गडचिरोली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो. दिवसभर गोळ्या विकायच्या आणि घरी गेलं की मयालीला भुईनिंबाची वाळलेली जुडी टांगलेली. दिवाळीच्या आधी, फुलावर आला की आई जंगलाच्या कडेचा भुईनिंब उपटून आणते आणि सावलीत वाळवते. मूठभर पाला-काड्या दोन पेले पाण्यात टाकून अर्धा पेला उरेस्तोवर आटवते. पहिला घोट गेला की कानशिलापर्यंत कडू होतं. त्यावर गुळाचा खडा खाल्ला तर गूळही कडू लागतो. लहानपणी आई एका हातानं नाक धरायची आणि म्हणायची, "पी बापू, काही नाई होत. कडू प्याला का ताप पळते."

हे झाड म्हणजे कालमेघ, ओलेकिराईतही म्हणतात. अडुळशाच्या कुळातलं. हात-दीड हात उंच, कांडी चौकोनी, फूल बारीक पांढरं, त्यावर जांभळे ठिपके, आणि शेंग दोन्ही टोकांना निमुळती. पंसारी जे काडेचिराईत म्हणून विकतो ते खरं तर हिमालयातलं वेगळं झाड, पण त्याच्या नावाखाली भुईनिंबच खपवण्याचा धंदा जुना आहे. त्यामुळे बाजारातल्या पुडीत नेमकं काय आहे हे पुडीवरच्या नावावरून कळत नाही.

औषध म्हणून ते अगदी निकामी आहे असं मी म्हणणार नाही. पानात अँड्रोग्राफोलाइड नावाचं द्रव्य असतं, कडूपणा त्याचाच. थायलंडच्या सरकारी अत्यावश्यक औषधांच्या यादीत या झाडाच्या कॅप्सूल आहेत, साध्या सर्दी-घशासाठी. २०१७ साली ३३ चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. त्यात खोकला आणि घसादुखीला फायदा दिसला, पण त्यातल्या बऱ्याच चाचण्या कच्च्या होत्या. म्हणजे धडधाकट मोठ्या माणसानं घसा धरला म्हणून तीन-चार दिवस काढा घेतला तर मी काउंटरवरून त्याला अडवत नाही. थायलंडमध्ये तो महिनोन् महिने प्यायला सांगितलेला नाही, आणि मलेरियाच्या औषधाच्या जागी तर नाहीच.

आपल्याकडे तो मलेरियाशी जोडला गेला, त्याचं कारण मला असं वाटतं. कोयनेल, म्हणजे मलेरियाचं जुनं औषध क्विनीन, कडू, म्हणून जे कडू ते तापावर चालतं, हा हिशेब आपल्या डोक्यात पक्का बसलाय. दुसरं कारण जास्त घातक आहे. मलेरियाचे जंतू साधारण ४८ तासांनी रक्तातल्या लाल पेशी फोडून बाहेर पडतात, तेव्हा हुडहुडी भरते आणि ताप चढतो. काही तासांनी दरदरून घाम येतो आणि ताप आपोआप उतरतो. नेमका त्याच्या आधी काढा दिलेला असला की सगळे म्हणतात, बघा, उतरला. परवा पुन्हा चढला की पुन्हा काढा. फॅल्सिपेरम जातीचा मलेरिया असेल तर असे चार दिवस घालवणं परवडत नाही, तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. दुकानावर मी हेच बघत आलोय. काढ्यानं विष चढून आलेला माणूस मी अजून पाहिला नाही, काढ्याच्या भरवशावर घरी थांबून उशिरा आलेले पुष्कळ पाहिले.

काढा स्वतःही नेहमीच निरुपद्रवी नसतो. माझ्याच घरचं सांगतो. बाबांना शुगरसाठी ग्लिमेपिराइडची गोळी सुरू होती, ती मीच दुकानातून आणून द्यायचो. रोवणीच्या दिवसांत आईनं त्यांना रोज सकाळी उपाशीपोटी काढा सुरू केला. ते मला माहीत नव्हतं आणि गोळी काय करते ते आईला माहीत नव्हतं. एक दिवस बाबा भाताच्या बांधीतच परे म्हणजे रोपं हातात घेऊन खाली बसले, अंग गार, घामानं ओलं. मशीनवर साखर ५२ आली. साखर-पाणी पाजल्यावर माणसात आले. त्या दिवशी ते जेवलेही नव्हते, त्यामुळे सगळा दोष काढ्याचा असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण भुईनिंब साखर आणि बीपी खाली ओढू शकतो, रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा जोर वाढवू शकतो. तुमच्या घरात कुणाला अशा गोळ्या सुरू असतील तर त्यांचाही काढा बंद करा. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकांनी २०१५ साली याच्या गोळ्यांमुळे आलेल्या ॲलर्जीच्या तक्रारी तपासल्या, त्यात जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीच्याही होत्या. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा दम लागला तर पुढचा घोट घ्यायचा नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

आता तुमचं. जनावरांवरच्या प्रयोगांत याचा गर्भावर वाईट परिणाम दिसला आहे, म्हणून गरोदरपणात तो वर्ज्यच सांगतात. सासूबाईंशी वाद घालू नका, 'डॉक्टरनं मना केलं' एवढं पुरे. मला तरी आईपुढे दुसरं काही चाललं नाही.

लेकराचं म्हणाल तर इतका कडू काढा पोटात गेला की अर्धी लेकरं ओकतात, आणि तापात आधीच पाणी कमी झालेलं असतं. दुसरं म्हणजे आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्याची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. सिकलसेलच्या लेकराला ताप आला तर काढा नाही, उद्या बघू नाही, त्याच दिवशी दवाखाना.

घरात कुणालाही थंडी वाजून ताप आला की आधी आशाताईला बोलवा. बोटाला टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घेते, वीसेक मिनिटांत कळतं, पैसे लागत नाहीत. पट्टी संपली म्हणाली तर उपकेंद्रात जा, पण तपासल्याशिवाय राहू नका. पोटुशीपणात फॅल्सिपेरम वारेत साठतो, आईचं रक्त कमी होतं आणि बाळ वजनाला कमी भरतं, त्यामुळे मच्छरदाणी तुम्ही एकही रात्र चुकवू नका. आणि तपासणीत मलेरिया निघालाच तर गोळ्या हातात घ्यायच्या आधी पाचवा महिना सुरू आहे हे सांगा, कारण त्यातली प्रायमाक्विन गरोदर बाईला देत नाहीत. गर्दीत नाव आणि वय विचारून गोळ्यांचं पाकीट पुढे सरकवतात. मी स्वतःही दुकानावर हे विचारायला एकदा विसरलो होतो. ती बाई पायरी उतरली होती, तेव्हा मागून धावत जाऊन विचारलं.